होम प्लेटवरचा निकाल

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या शाळेत खेळ शिकवणारे उदयसिंह सर बेसबॉलचे नावाजलेले पंच. त्यांचा निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं लोक म्हणत. सहा वर्षांपूर्वी सांगलीला मुलींच्या विभागीय स्पर्धेत सातारा आणि सांगली अंतिम फेरीत आले. ठरलेला पंच ऐनवेळी आला नाही, म्हणून होम प्लेटपाशी चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या मागं सरांनाच उभं राहावं लागलं. "पंच सातारचा! मग झालंच की," असं कुंपणापाशी कुणीतरी बोललं, ते त्यांना चांगलंच झोंबलं.

शेवटच्या डावात सातारा एका धावेनं मागं होता. दोघी बाद झालेल्या, तिसरी बाद झाली की डाव संपला. दुसऱ्या बेसवर वडूजकडची क्रांती. फटका बसला तशी ती सुटली, तिसरा बेस ओलांडून थेट होम प्लेटकडं. पोचली तर बरोबरी, नाहीतर खेळ खल्लास. ती पाय पुढं टाकून घसरली, कॅचरनं ग्लोव्ह तिच्या गुडघ्याला टेकवला आणि सरांची मूठ वर गेली.

"आउट!"

चेंडू हातात टिकलाय का ते बघावं, मगच मूठ उचलावी, हे नव्या पंचांना तेच शिकवायचे. धुरळा खाली बसला तेव्हा चेंडू ग्लोव्हमधून निसटून मातीत पडलेला त्यांना दिसला. कॅचरनं तो झटकन उचलला. म्हणजे पोरगी सेफ होती. सेफची खूण म्हणून दोन्ही हात आडवे पसरायचे, एवढंच काम. पण सरांचे हात हलले नाहीत.

"सर, बॉल पडला हुता की वो," क्रांती धापा टाकत म्हणाली.

"निकाल दिलाय. बाहेर हो."

सांगलीच्या प्रशिक्षकांनी पाठ थोपटली. "मानलं सर तुमाला. आपलं-परकं काय बघितलं न्हाईसा." ती थाप सरांना पुढं वर्षानुवर्षं सलत राहिली.

गेल्या महिन्यात ते लोणंदला एका लग्नाला गेले. क्रांती तिथंच नांदते असं कळलं, तसे जेवण सोडून तिचं घर शोधत निघाले. तिनं ओळखलं, खुर्ची दिली. सर बसले नाहीत.

"क्रांती, त्या दिवशी चेंडू पडला होता. मी बघितला होता."



"मी घरी जाऊन तेच सांगितलं हुतं, सर. बा म्हनला, एवढा मोठा मानूस खोटं कशाला बोलंल? मैतरणीबी तसंच म्हनल्या. मग मलाच वाटाय लागलं, माज्याच डोळ्याला भास झाला आसंल. त्यानंतर मैदानात धीरच हुईना. सोडला खेळ."

"चुकलो मी."

"मला नगा सांगू. बाला सांगा."

तिनं फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून तिचा बाप धुळा म्हणाला, "कोण बोलतंय?" सरांनी नाव सांगितलं, मग सगळं सांगितलं.

"पोरीला द्या," धुळा एवढंच बोलला.

क्रांती फोन घेऊन आत गेली. "न्हाई बा, रडू नगंस," एवढं बाहेर ऐकू आलं. मग तिलाच हुंदका फुटला. सर थोडा वेळ उंबऱ्यापाशी थांबले. ती बाहेर आली नाही. त्यांनी चपला घातल्या आणि लग्नघराकडं न जाता ते सरळ स्टँडकडं चालू लागले.