शून्याचा रकाना

बरण्यांची झाकणं बनवणाऱ्या त्या कारखान्यात नापास मालाचा रकाना गेली अकरा वर्षं शून्य होता, आणि त्या शून्यानं ठकूच्या नाकीनऊ आणले होते. घरात ती ठकू, कारखान्यात मॅडम. कामकाज सगळं तिच्याकडे, पण शेवटचा शब्द बाबांचा.

साचा झिजला होता. त्यातून निघणाऱ्या प्रत्येक झाकणाच्या कडेला प्लास्टिकची पातळ झालर यायची. शेवटच्या टेबलावर बसलेले काका ती पात्यानं तासायचे, एकेक झाकण, मान मोडून. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. थोरल्या भावाचं नाव खराब होऊ नये, एवढंच. त्यामुळे माल देखणा जायचा आणि गाडी दर वेळी उशिरा सुटायची. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईकानं आता निक्षून सांगितलं होतं, पुढच्या महिन्यापासून माल तीन दिवसांत द्या, नाहीतर दुसरे तयार आहेत. आज पाचला उत्तर द्यायचं होतं.

"नवा साचा घेऊ या," ठकू सकाळी पुन्हा म्हणाली.

बाबांनी वही पुढे सरकवली. "नापास किती?"

"शून्य. पण ते काकांमुळे."

"मग साच्याला काय धाड भरलीय? पॅकिंगच्या बायकांना जरा हात चालवायला सांग."

बायका बिचाऱ्या झाकणांची वाट बघत बसलेल्या असायच्या. पण बाबांना हे सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं. म्हणून तिनं ठरवलं, आता बोलायचं नाही, दाखवायचं. यंत्राखालून वीस गरम झाकणं उचलून तिनं डब्यात घातली, वर ठसठशीत अक्षरांत 'हात लावू नये' असं लिहिलं आणि डबा कपाटात ठेवला.

चार वाजता तिनं बाबा आणि काका, दोघा भावांना केबिनमध्ये बसवलं आणि डबा उघडला. "बाबा, कडेवरून बोट फिरवून बघा. काकांच्या टेबलावर न गेलेला माल आहे हा."

बाबांनी एका झाकणावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून. "छान गुळगुळीत आहे की."

ठकूनं डबा ओढून घेतला. विसाच्या वीस गुळगुळीत.

काकांचा चेहरा खुलला. "जेवणाच्या सुट्टीत उरकली मी. पातं शोधायला कपाट उघडलं, तर ही दिसली. म्हटलं, पोरीनं कुणाला दाखवायला काढून ठेवलीत, तिची मान खाली जायला नको."

"वर लिहिलं होतं ना काका?"

"ते बाकीच्यांसाठी असणार, असं वाटलं मला."

तिला ओरडावंसं वाटलं आणि रडावंसंही वाटलं. इतक्या मायेनं कुणी कुणाचं वाटोळं केलं नसेल. "खरं सांगा काका. झालर होती ना? विसांनाही?"

काकांनी भावाकडे पाहिलं. पात्यानं चिरलेला अंगठा मुठीत घेतला. "असेल एखाददुसऱ्याला."

पाचला फोन वाजला. ठकूनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. "तीन दिवसांत नाही जमणार आम्हाला," ती म्हणाली.

गिऱ्हाईकाकडच्या खरेदी बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "मग पुढच्या महिन्यापासून आपला व्यवहार बंद. वाईट वाटतं हो. असा माल दुसऱ्या कुणाचा नाही. अकरा वर्षांत तुमची एक तक्रार नाही."

फोन बंद झाला. बाबा ठकूकडे वळले.

"ऐकलंस? एकसुद्धा तक्रार नाही."