बाबांचा उरलेला शब्द

“थांब,” बाबा म्हणाले. मी पाण्याचा पेला पुढे केला, त्यांनी तोंड फिरवलं. उशी सारखी केली, तरी तेच. शेवटी खिडकीचा पडदा ओढला तेव्हा कुठे गप्प झाले. ऊन डोळ्यांवर येत होतं.

“कसं गं कळतं तुला?” आई दारातूनच म्हणाली. इस्पितळाच्या धुलाईघरातून ती नुकतीच आली होती, सोड्याने बोटं पांढरी पडलेली. “मला आपलं सगळं एकच थांब.”

बाबा मालधक्क्यावर होते. उलटे मागे येणाऱ्या ट्रकांना रस्ता दाखवायचा, एवढंच काम. सव्वीस वर्षं त्यांनी दोन शब्दांवर काढली. ‘येऊ दे’ आणि ‘थांब’. थांब म्हणताना हात वर करायचा आणि गाडी पूर्ण उभी राहीपर्यंत खाली घ्यायचा नाही, हा तिथला नियम. लहानपणी मी त्यांच्यासोबत तिथे गेले की मलाही हात वर करून उभी करायचे. दोन वर्षांपूर्वी मेंदूत गुठळी झाली. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. ‘येऊ दे’सुद्धा गेलं. नशिबाने मागे ठेवलं काय, तर ‘थांब’.

तहान लागली, थांब. पाठ दुखली, थांब. मी वहीत लिहायला लागले. लांबवलेला असेल तर पाणी. तुटक आणि दोनदा, तर कूस बदलायची. नाकातून आला, तर आई कुठे आहे. असे सतरा थांब जमले होते. त्या वहीपायीच मला हे शास्त्र शिकायचं खूळ लागलं, गेलेलं बोलणं परत आणायचं. ‘कम्युनिकेशन सायन्सेस’ हे पदवीचं नाव ऐकून शेजारच्या काकूंनी विचारलं, “म्हणजे टीव्हीवर बातम्या देणार?” मी हो म्हणून मोकळी झाले.

कॉलेजं दोन होती. एक गावातच, बसने वीस मिनिटांवर. तिथे जाऊन आले. कानांची तपासणी करायच्या बंद खोलीत मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. “पेशंट कधी बघायला मिळतात?” मी कारकुनाला विचारलं. “चौथ्या वर्षी, जमलं तर,” तो म्हणाला. “तोवर पुस्तकात चित्रं आहेत की!”

दुसरं अकरा तासांवर. तिथल्या मॅडमनी मुलाखतीलाच मला एका शिंपीकाकांच्या शेजारी बसवलं. सहा महिन्यांपूर्वी त्यांना ‘नाही’ सोडून एक शब्द येत नव्हता. त्या दिवशी त्यांनी टेबलावरच्या वस्तूंवर बोट ठेवत म्हटलं, “कात्री. दोरा. सुई.” सुईला फार वेळ लागला. मला रडू आवरेना.

मॅडमनी माझी वही शेवटपर्यंत वाचली. हसल्या नाहीत. “मेहनत घेतलीस,” त्या म्हणाल्या. “पण एक सांग. त्यांना खरोखरच ‘थांब’ म्हणायचं असतं, तो थांब कुठे आहे यात?”

मी पानं उलटली. नव्हता. आमच्याकडे कोणी कुठे जातच नव्हतं, तर तो येणार कुठून?

कॉलेज कळवायची मुदत शुक्रवारी पाचची होती. आई म्हणाली, “तू जा. मी आहे ना.”

“तुला त्यांचं काही कळत नाही आई.”

“बोलत होते तेव्हा तरी कुठे कळायचं?” म्हणून ती हसली. मग हसू तसंच टाकून भांडी घासायला गेली.

शुक्रवारी चार वाजता मी बाबांसमोर दोन कागद धरले. एकावर ‘इथे’, दुसऱ्यावर ‘लांब’. “बाबा, डाव्या हाताने दाखवा. तुम्ही म्हणाल तसं करते.”

त्यांनी एकाही कागदाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. “थांब,” ते म्हणाले.

लांबवलेला नव्हता. तुटक नव्हता. नाकातून तर नव्हताच. साधा, सरळ, कोणीही कोणालाही म्हणावा तसा.

“पाणी हवंय?” मी विचारलं.

मला कळलं होतं. कळलं म्हणूनच मी पाण्याचं विचारलं. पेला आणून ओठांना लावला. त्यांना तहान नव्हती, तरी ते सगळं पाणी प्यायले. माझी सोय करून दिली त्यांनी. मग मी लांबच्या कॉलेजचं नाव भरलं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

निघायच्या दिवशी आईने त्यांना चाकांच्या खुर्चीतून स्टँडवर आणलं. मी वही तिच्या पिशवीत घातली. “रोज फोनवर त्यांचा आवाज ऐकव,” मी म्हटलं. “मी सांगेन काय हवंय ते.” आईने मान हलवली.

मी खिडकीशी बसले. बस फलाटावरून मागे यायला लागली. तेवढ्यात मालधक्क्यावरचा तो आवाज आला, दोन वर्षांत मी न ऐकलेला.

“थांब!”

ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. सगळे पुढे आदळले. त्याने डोकं बाहेर काढलं. “काय झालं काका? कोण राहिलं?”

बाबांचा डावा हात वर होता. त्यांच्या एका शब्दावर कोणी तरी खरंच थांबलं होतं. ते माझ्या खिडकीकडे बघत होते. मी उठून दाराशी जाऊ शकले असते.

“काही नाही हो,” आई ओशाळून म्हणाली. “त्यांना तेवढंच बोलता येतं.”

ड्रायव्हरने माझ्याकडे वळून बघितलं. “तुमचे का?”

“हो,” मी म्हटलं. “जाऊ द्या.”

बस निघाली. आई त्यांचा हात धरून खाली घ्यायला बघत होती. फाटकातून वळेपर्यंत मला ते दोघं दिसत होते. हात वरच होता.