आचाऱ्याची साक्ष

मी विमा कंपनीची वकिली सोडली तेव्हा लोकांना वाटलं, बाईंना उपरती झाली. कसली उपरती! इतकी वर्षं अकोल्यात कुणाचा पाय बरा आहे, कुणाची कंबर ठणठणीत आहे, हे सिद्ध करायचं आणि घरी येऊन जेवायचं, याचा वीट आला होता. आता अमरावतीत जखमींच्या बाजूने उभी राहते. थकवा तोच, फक्त खुर्ची बदलली.

सूर्यभान भातकुलीचा आचारी, लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक करणारा. ट्रकने त्याच्या स्कूटरला उडवलं. उजवा हात जागेवर राहिला, पण त्यातला जोर गेला. ट्रकची विमा कंपनी म्हणत होती, हात चांगला आहे, सोंग करतो.

साक्षीच्या आदल्या दिवशी मी त्याला समोर बसवलं. कंपनीकडून नितेश होता, माझाच जुना ज्युनियर. तो काय करणार ते मला पाठ होतं.

"कोणता हात पुढे येतो ते बघायला नितेश अपघाताचा फोटो पुढे करेल. डाव्या हातानेच घ्यायचा."

"डाव्यानं? मोठ्या मानसाच्या हातची वस्तू डाव्यानं कशी घेऊ जी?"

"उजवा दुखतो ना?"

"लय दुखते. पन थे बरं नाही दिसत."

पेन, रुमाल, पाण्याचा ग्लास, सगळं देऊन पाहिलं. शेवटी एकदाचा त्याने डावा हात पुढे केला, तोही चोरी केल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी कोर्टात नितेशने अगदी अदबीने, थोडं वाकून फोटो पुढे धरला. सूर्यभानचा उजवा हात उठला. कपाळावर घाम आला, ओठ आवळले गेले, पण फोटो त्याने रीतसर घेतला. न्यायाधीशांनी तसं लिहून घ्यायला सांगितलं. मला नितेशचा राग आला नाही. चांगलं शिकवलं होतं मी त्याला.

मी फेरतपासणीला उठले.

"फोटो उजव्या हाताने का घेतला?"

"डाव्यानं घेतला तर सायबाचा अपमान होते जी."

एवढ्याने भागणार नव्हतं. त्याच्या बायकोने, सुभद्राने, मला एक गोष्ट सांगितली होती. कुणाला सांगू नका, असंही म्हणाली होती.

"जेवता कोणत्या हाताने?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या बाकावर बसलेल्या सुभद्राकडे. तिने मान खाली घातली.

"सांगा, सूर्यभान."

"उजवा तोंडापर्यंत जात नाही. डाव्यानं मी जेवत नाही. बायको भरवते."

न्यायाधीशांनी तेही लिहून घ्यायला सांगितलं. दावा आपण जिंकला हे मला तेव्हाच कळलं, आणि मला स्वतःची लाज वाटली.

बाहेर व्हरांड्यात तो सुभद्राला म्हणाला, "घरचं बाहेर कावून सांगतलं?"

"मी विचारलं म्हणून सांगितलं त्यांनी," मी म्हणाले. त्याने ऐकलंच नाही. ती त्याच्या मागे, अंतर ठेवून, चालत गेली.

निकाल आमच्या बाजूने लागला. नक्कल घ्यायला तो एकटाच आला. सुभद्राबाई कशा आहेत, मी विचारलं.

"बरी हाय," तो म्हणाला. "आता मी डाव्यानंच जेवतो जी."