बाकं वाजवू नका

आमच्या घरात दार कुणी ठोठावत नाही. बेल वाजवायची, नाहीतर खालून हाक मारायची. हा आत्याचा नियम. कारखान्याला आग लागली तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आत्या बाहेर होती. आतून तिच्या मैत्रिणी दार बडवत होत्या. चावी काही मिळाली नाही. त्यांच्या नावाने स्मृतिदिनाची सुट्टी मिळावी म्हणून हिने मंत्र्यांचे उंबरे झिजवले, सुट्टी मिळवलीच, आणि आज विधानसभा तिच्या अभिनंदनाचा ठराव करणार होती.

मला खरं तर आनंद व्हायला हवा. पण सकाळपासून मला एकाच गोष्टीची धास्ती होती. सभागृहातलं अभिनंदन म्हणजे बाकं बडवणं! आणि डॉक्टरांनी तर बजावलं होतं, हिच्या काळजाला आता धक्का सोसायचा नाही.

"साहेब, हात जोडते, तेवढी बाकं वाजवू नका," मी आमच्या आमदारांना विनवलं.

"अहो ताई, सगळ्यांना सांगून ठेवलंय. तुम्ही निर्धास्त बसा."

निर्धास्त म्हणे! प्रेक्षकांच्या सज्जात मी आत्याचा हात घट्ट धरून बसले.

"अगं, सोड जरा, मुंग्या आल्या," ती हसली.

अध्यक्षांनी ठराव वाचला. आमदारांनी वर बघून नुसते हात जोडले. बाक कुणी वाजवलं नाही. सुटले बाई, असं म्हणते तोच मागच्या रांगेतल्या एका गृहस्थाचा हात सवयीने बाकावर पडला. मग काय, एकाचं बघून दुसरा. अख्खं सभागृह धडाधड बाकं बडवायला लागलं. मेल्यांनो, थांबा की!

आत्या ताडकन उठली. चेहरा पांढराफटक.

"दार उघडा रे! माणसं आहेत आत!"

सज्जात तोंड उघडायला बंदी. शिपाई तिच्याकडे धावला. याने हिला धरलं तर ही इथेच जाईल, या भीतीने मी किंचाळले, "हात लावू नका तिला! आधी दार उघडा!"

त्याने गोंधळून सज्जाचं दार सताड उघडलं. खालचं बडवणं थांबलं.

आत्या दाराशी जाऊन उभी राहिली. "या गं, लवकर या, धूर भरलाय," म्हणत एकेकाच्या पाठीवर हात ठेवून बाहेर काढू लागली. आणि लोकही निघाले, मुकाट्याने, खाली मान घालून. सगळ्यांत शेवटी मी बाहेर आले.

तिने माझ्यामागे वाकून रिकाम्या सज्जात पाहिलं.

"एवढ्याच?" तिने विचारलं.