पहिल्या पानावर

"लिंक टाकायची आणि निघायचं. कोणी बोलायला आलं तरी थांबायचं नाही," गुरुजी फोनवर सांगत होते, तेव्हा ती बाळाच्या मुठीतून हेडफोनची वायर सोडवत होती. तिने नुसतं "हो हो" केलं.

"हो हो काय? लग्नात न बोलावता शिरलेला पाहुणा कसा असतो? जेवायचं, हात धुवायचे, सटकायचं. फोटोत यायचं नाही."

"कळलं, सर."

"सर नको. सगळे गुरुजीच म्हणतात."

तिने गुरुजींना कधी पाहिलं नव्हतं, कंपनीचं ऑफिसही नाही. काम घरून होतं आणि ऐकायला सोपं होतं. एक दुकानदार बाळांच्या गाद्या ऑनलाइन विकत होता. त्याची वेबसाइट नवी, त्यामुळे शोधलं की ती निकालांच्या अकराव्या पानावर यायची. आणि अकराव्या पानावर, गुरुजींच्या भाषेत, वाट चुकलेलं कुत्रंही फिरकत नाही. चार ठिकाणी चार लोकांनी नाव काढलं की माणसाची पत वाढते, तशीच वेबसाइटचीही. ते नाव काढण्याचं काम तिचं.

त्यासाठी तिला एक खातं दिलं होतं, 'दोघांची आई'. थोरली सात वर्षांची, धाकटा चार. थोरलीला धुळीची शिंक येते, धाकटा डावखुरा. हे सगळं एका तक्त्यात लिहून ठेवलेलं होतं, म्हणजे बोलण्यात फरक पडायला नको. नियम असा की निदान नऊ कमेंट साध्या, बिनलिंकच्या, मगच 'दहावी', म्हणजे लिंकवाली. नाहीतर जाहिरातीचा वास येतो. आणि लिंक टाकली की पंधरा दिवस त्या पानावर तोंड दाखवायचं नाही.

खरं तर तिचं स्वतःचं पहिलंच होतं, आठ महिन्यांचं. नवरा बांधकामाच्या साइटवर, एक शनिवार सोडून एक शनिवार घरी. या गावात येऊन पाच महिने झाले होते आणि समोरच्या घरातल्या माणसांना ती त्यांच्या चपलांवरून ओळखत होती. दुपारी बाळ मांडीवर असलं की उजव्या हाताचं एक बोट मोकळं असायचं. त्या बोटाने ती काम करायची.

हे खातं आयांच्या एका फोरमवर होतं; इंटरनेटवरचा तो गप्पांचा कट्टा जुना होता. हिरव्या चौकटीचा, रया गेलेला. तिथे फारसं कोणी यायचं नाही, पण जुन्या जागेच्या शब्दाला वजन असतं म्हणून गुरुजींनी तो निवडला होता. 'बाळ झोपत नाही, काय करू?' या पानावर तिने दोन कमेंट टाकल्या. तिसऱ्या दिवशी 'अर्धा कप' नावाच्या कोणीतरी विचारलं,

"तुमची दोन्ही झोपायची का हो? खरं सांगा."

तिने तक्ता उघडला. झोपेबद्दल त्यात काही नव्हतं. तिने लिहिलं, "थोरली नाही. धाकटा म्हणजे देवमाणूस."

"मग थोरलीच्या वेळी काय केलंत?"

"रडले."

त्या खात्यावरून गेलेला तो पहिला खरा शब्द. पलीकडून लगेच आलं, "हुश्श. मला वाटलं मी एकटीच."

मग रोज तीनच्या सुमाराला दोघींचं चालायचं. 'अर्धा कप' हे नाव कसं पडलं तेही कळलं: चहा अर्धा पिऊन होतो, उरलेला गार होतो, आणि पुन्हा गरम करायला उठेपर्यंत बाळ उठतं.

"ताई, आज केस विंचरले. टाळ्या."

"टाळ्या! दोन्ही बाजूंचे?"

"एकाच. हावरटपणा बरा नव्हे."

ती एकटीच खुदकन हसली. बाळाने दचकून वर पाहिलं. त्या घरात असं हसणं त्याने फारसं ऐकलेलं नव्हतं.

गुरुजी खूश होते. "तुझं खातं कसं, एकदम जितंजागतं वाटतं. आज दहावी टाकून दे."

त्याच दुपारी 'अर्धा कप'ने लिहिलं होतं, "ताई, एक विचारते, हसू नका. कधी कधी तो रडतो आणि मला काहीच वाटत नाही. शेजारच्या घरात कोणीतरी रडतंय असं वाटतं. तुम्हाला झालं होतं असं?"

तिने ते दोनदा वाचलं. मागच्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला होता आणि बाळाचा आवाज त्यात बुडेपर्यंत ओट्याला धरून उभी राहिली होती. पण ते तक्त्यात नव्हतं. 'दोघांची आई' अशा प्रसंगांतून कधीच पार झाली होती. बोट आपोआप चालू लागलं.

"अगं, सगळ्यांना होतं. झोप झाली की जातं. माझं तीन महिन्यांत आपोआप गेलं. आम्ही ही गादी घेतली, तिथून फरक पडला." खाली लिंक.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "बरं झालं विचारलं. उगाच डॉक्टरांकडे नंबर लावून ठेवला होता. रद्द करते आता. तुम्ही म्हणताय म्हणजे जाईल."

तिने 'रद्द करू नकोस' असं लिहिलं. मग ते पुसलं. पंधरा दिवस तोंड दाखवायचं नव्हतं. आणि गादी घेतल्यावर डॉक्टर कशाला, हे तिला सांगता आलं नसतं.

पंधरा दिवस ती दुसऱ्या पानांवर दुसऱ्यांची आई होत राहिली. पण रोज एकदा, खात्यात न शिरता, ते हिरवं पान उघडून बघायची, जसं कोणी पाऊल न वाजवता झोपलेल्या बाळाच्या खोलीत डोकावतं.

"ताई, गादी आली. छान आहे. तो झोपतो."

चार दिवसांनी, "ताई, तो झोपतो पण मला झोप नाही. तुम्हाला किती दिवसांनी लागली होती?"

मग, "दोघांना घेऊन कुठे गेलात का? जा, जा. मजा करा."

त्यानंतर काही नाही.

सोळाव्या दिवशी तिने लिहिलं, "आले गं. कशी आहेस?" तीन वाजले, चार वाजले. दुसऱ्या दिवशी तेच. वाट पाहून सहाव्या दिवशी तिने फोरम चालवणाऱ्यांच्या पत्त्यावर ईमेल पाठवला. तो तसाच परत आला. पत्ताच बंद पडला होता.

त्याच सकाळी गुरुजींचा फोन आला.

"पार्टी! पहिलं पान! 'बाळ झोपत नाही' एवढं टाक, तुझं ते फोरमचं पान सगळ्यात वर. त्याखाली दोन घरं सोडून आपली वेबसाइट. दुकानदार नाचतोय."

"ती बाई उत्तर देत नाहीये."

"कोण बाई?"

"अर्धा कप."

गुरुजी हसले. "अगं वेडाबाई, तीही तुझ्या-माझ्यासारखीच असेल. कुठल्यातरी चहावाल्याची लिंक टाकायची राहून गेली असेल बिचारीची."

"तिने एकही लिंक टाकलेली नाही. मी सगळं पाहिलंय."

"मग कंटाळली असेल. ऐक, त्या खात्याला आता जपायचं. सोन्याचं अंडं देणारी कोंबडी आहे ती."

"गुरुजी, त्या पानावर रोज किती लोक येतात?"

"चारशे, पाचशे. का?"

"सहज," ती म्हणाली.

दुपारी नवऱ्याला फोन लावला. त्याच्या मागे कसलंसं यंत्र घरघरत होतं.

"तिचं नाव काय?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"गाव?"

"माहीत नाही."

"मग तू कशाला जीव टांगणीला लावून घेतेस? तू ओळखतेस का तिला?"

"नाही रे. पण तिने माझं ऐकलं."

नवरा म्हणाला, "जेवलीस का?" आणि ती "हो" म्हणाली, जे खरं नव्हतं.

फोन ठेवून तिने पेन्सिल घेतली, विजेच्या बिलाचा लिफाफा उलटा केला आणि ते पान पहिल्यापासून वाचायला बसली. 'अर्धा कप'ने एकसष्ट वेळा लिहिलं होतं. मुलांच्या गप्पांत, चहाच्या गप्पांत तिचं घर तुकड्यातुकड्याने विखुरलेलं होतं. ती ते एकेक करून लिफाफ्यावर उतरवत गेली. बाळ रडायला लागलं, तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली, त्याला उचललं, खांद्यावर घेतलं, आणि ते शांत होईपर्यंत खोलीतल्या खोलीत फिरली. मग बसली.

फोरमवर आपली जुनी कमेंट बदलता येत होती. तिने दहावी उघडली. आधी लिंक पुसली. मग गादी. मग 'तीन महिने' आणि 'आपोआप'. रिकाम्या चौकटीत तिने एका बोटाने लिहायला सुरुवात केली. वेळ लागला.

"बाळ झोपत नाही म्हणून शोधत तुम्ही इथे आला असाल. थोडं थांबा.

मी दोन मुलं वाढवलेली बाई नाही. माझं पहिलंच आहे, आठ महिन्यांचं, आणि मलाही काही कळत नाही. इथे गादीची लिंक टाकणं हे माझं काम होतं. 'अर्धा कप'ला मी जे सांगितलं ते मनाचं सांगितलं. रडणाऱ्या बाळाकडे बघून काहीच वाटत नसेल तर डॉक्टरांकडे जायचं असतं. ती जाणार होती. मी तिला थांबवलं.

ती कुठे राहते मला माहीत नाही. तिच्या बोलण्यावरून एवढंच कळतं: चौथा मजला, लिफ्ट बंद. खाली टायरचं दुकान, त्याचा वास वरपर्यंत येतो. समोर शाळा आहे, तिची घंटा तीनला दहा कमी असताना होते. नवरा जहाजावर. मुलगा सहा महिन्यांचा. अशी इमारत तुम्ही पाहिली असेल तर उद्यावर टाकू नका. बेल वाजवली की लगेच निघू नका, ती दार उघडायला वेळ लावेल. साखर मागा, पत्ता विचारा, काहीही विचारा.

आणि अशी इमारत माहीत नसेल, तर तुमच्याच जिन्यात बघा. जिथे बाळ आहे, पण ज्या बाईला तुम्ही फक्त चपलांवरून ओळखता, असं एखादं दार असेल. बाळ झोपलं का, हे तिला सगळेच विचारतात. तुम्ही ते विचारू नका. ती कशी आहे, तेवढं बघून या."