पान्याचा दिवा

नोकरी संपून कित्येक वर्षं झाली, तरी सासऱ्यांना सगळी बिल्डिंग फोरमनच म्हणायची. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये त्यांची हयात गेली होती. खाली कुणाच्या स्कूटरचा आवाज जरा वेगळा आला की हातातला पेपर आपोआप खाली यायचा. जित्याची खोड, दुसरं काय! सुनेला मात्र त्याचं कौतुकच होतं. ती लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. बिल्डिंगमधली पोरं तिला सुईवाली काकू म्हणायची आणि ती दिसली की दंड झाकून पळ काढायची. दिवसभर फिरायचं म्हणजे गाडी धड हवी, आणि गाडी धड ठेवायची ती फोरमननी, हे घरात कधी कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच चालत आलं होतं.

मागच्या वर्षी फोरमन दवाखान्यात जाऊन आले. मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली होती. थोडक्यात निभावलं. बोलणं-चालणं पूर्ववत झालं, पण बारीकसारीक गोष्टी निसटायला लागल्या. किल्ली दाराला बाहेरूनच लटकत राहायची, कालची गोष्ट आज पुन्हा नव्यानं सांगितली जायची. मुलानं याचा असा धसका घेतला की बापाच्या हातात काही दिसलं की तो ते काढून घ्यायचा. सुरी, शिडी, इस्त्री, काहीही. "बाबा, तुम्ही बसा हो," हे तर त्याचं पालुपदच झालं होतं.

"बसून बसून आता अंडी घालायचीच काय ती राहिलीत," फोरमन एकदा म्हणाले. सून हसली. मुलगा हसला नाही. दिवसभर बाबांच्या सोबतीला एखादा माणूस ठेवावा असं त्याच्या डोक्यात घोळत होतं आणि फोरमनच्या कानावर ते आलेलंही होतं. कान त्यांचे अजून तिखट होते.

अशात सुनेच्या गाडीत दिवा लागला. वेगाच्या काट्याखाली पिवळा, पान्याच्या आकाराचा. तेल बदलायची वेळ झाली होती.

"गॅरेजला टाक," नवरा म्हणाला.

"गॅरेज कशाला?" फोरमन खुर्चीतून उठलेच. "घरात मी काय शोभेला आहे?"

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे. नाही म्हणावं असं दोघांच्याही मनात येऊन गेलं, पण ते तोंडातून काढायचं कुणी? शेवटी तीच म्हणाली, "करू दे रे. त्यांच्या हातचंच तर काम आहे ते."

रविवारी सकाळी ती अजून अंथरुणात होती तेव्हाच फोरमन खाली गेले होते. तिनं खिडकीतून पाहिलं तर गाडी पुढून उचललेली, नुसत्या जॅकवर नाही तर खाली टेकूच्या लोखंडी घोड्याही लावलेल्या, आणि फोरमनचे पाय तेवढे बाहेर. सगळं आटोपून वर आले तेव्हा हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि चेहऱ्यावर असं काही तेज होतं की तिनं चहात आपणहून साखर जास्त घातली. डॉक्टरांनी नको म्हटलेली. एक दिवस चालतं.

मग खाली जाऊन गाडी सुरू केली, तर पान्याचा दिवा तसाच.

फोरमननी इंजिन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. दिवा होता तिथेच. बॉनेट उघडून त्यांनी तेलाची पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. तेल बरोबर खुणेवर, मधासारखं स्वच्छ. गाडीखाली वाकून पाहिलं, एक थेंब गळत नव्हता. तरी दिवा आपला लागलेलाच.

"मी म्हटलं नव्हतं?" नवरा गॅलरीतून म्हणाला. हळूच म्हणाला, पण तिखट कानांना तेवढं पुरलं.

आता डेपोतल्या बसचं असं होतं की त्यांत दिवा लागला म्हणजे लागला. तेलाचा दाब पडला की लाल दिवा, की ड्रायव्हरनं गाडी तिथेच बाजूला घ्यायची. दिव्याशी हुज्जत घालणारा ड्रायव्हर इंजिन खाऊन बसायचा. दिवा खोटं बोलतो ही गोष्टच फोरमनच्या शिक्षणात नव्हती. त्यामुळे त्यांनी दिव्याला दोष दिला नाही, दोष स्वतःला दिला. "काहीतरी राहिलंय माझ्याकडून," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी पुन्हा उघडतो."

तो आठवडा वाईट गेला. फोरमन जेवताना मध्येच थांबून बोटांकडे पाहायचे. सुनेला राहवेना. बुधवारी एका घरचा नमुना घेऊन परतताना तिनं ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन लावला.

तो हसायलाच लागला. "ताई, तो दिवा तेल बघतच नाही. तो नुसते किलोमीटर मोजतो. तेल बदललं की आपण त्याला सांगावं लागतं, बाबा रे, बदललं. गाडी बंद ठेवा, मीटरजवळचं ते बटण दाबून धरा, तसंच धरून चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. दिवा लुकलुकेल आणि विझेल. तोवर बोट काढायचं नाही. आम्हीही विसरतो कधीकधी, मग गिऱ्हाईक शिव्या देत परत येतं."

तिला हायसं वाटलं, आणि लगेच पंचाईतही झाली. आता हे बाबांना सांगायचं कसं? आख्ख्या डेपोच्या बस ज्यानं रस्त्यावर ठेवल्या त्याला काय सांगायचं, की बाबा, एक बटण दाबायचं असतं आणि तेवढंच तुम्हाला माहीत नाही? वर नवऱ्याला आयतंच कोलीत मिळणार. त्यापेक्षा होऊ दे त्यांच्या मनासारखं. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही, असा हिशेब तिनं केला. हिशेब प्रेमाचा होता, म्हणून तिला तो तपासून पाहावासा वाटला नाही.

रविवारी फोरमननी तिला खाली बोलावलं. "तू नुसती उभी राहा इथे. मी एकेक काम झालं की बोलेन, तू 'हो' म्हणायचं. तू हो म्हटल्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

"हे कसलं हो बाबा?"

"डेपोतली पद्धत आहे," ते म्हणाले आणि गाडीखाली सरकले.

खालून एकेक हाक येऊ लागली. "नट काढला." हो. "तेल उतरलं." हो. "जुना वॉशर काढला. नवा घातला. बघ, वाकून बघ." ती वाकली. नटावर तांब्याची नवी कोरी चकती होती. हो. "नट आवळला." हो. "फिल्टरच्या रबराला तेल लावलं." हो. तिला मजा वाटत होती. जुन्या माणसांच्या जुन्या पद्धती, असं तिच्या मनात आलं, आणि ती आणखी मोठ्यानं हो म्हणायला लागली. वरच्या मजल्यावरची आजी खिडकीतून विचारती झाली की लग्न लागतंय का कुणाचं.

ते हात धुवायला वर गेले तशी ती गाडीत बसली. बटण दाबून धरलं, चावी फिरवली. दिवा लुकलुकला आणि विझला. इतकी सोपी लबाडी तिनं जन्मात केली नव्हती.

फोरमन खाली आले, तिनं गाडी सुरू केली. त्यांनी काचेतून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. तिला वाटलं आता ते टाळी देतील. ते म्हणाले, "गेला. चला, बरं झालं," आणि पाने गोळा करायला लागले.

इथून पुढे सगळं उलटच होत गेलं. करायला गेली एक आणि झालं भलतंच. दिवा विझला, पण माणूसही विझत चालला. फोरमन गोळी घेतली की तिला विचारायचे, "घेतली ना मी?" दार लावलं की मुलाला बोलावून दाखवायचे. वरच्यांच्या स्कूटरचा आवाज बदलला, सगळ्यांनी ऐकला, पण पेपर खाली आला नाही. पान्यांची पेटी त्यांनी माळ्यावर टाकायला सांगितली. आणि एका संध्याकाळी, ती भाजी चिरत असताना, स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "तो सोबतीचा माणूस सोमवारपासून येऊ दे. मी हो म्हटलंय."

तिच्या हातातली सुरी थांबली. "असं अचानक? तुम्हालाच तर नको होता. आणि गाडी तर तुम्ही एवढी छान…"

"दुसऱ्या वेळी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

ते स्टुलावर बसले. "मला पहिला रविवार सगळा आठवतो. नवा वॉशर घेतला, बोटानं फिरवून पाहिला, कड कुठे दुमडलेली नाही ना ते बघितलं, घातला, नट आवळला. डोळ्यांसमोर दिसतं. फिल्टरचं रबरसुद्धा. काहीही राहिलेलं आठवत नाही. पण दिवा लागलेला होता. तेच सगळं दुसऱ्या वेळी तुझ्यासमोर केलं, आणि गेला. म्हणजे पहिल्या वेळी मी केलंच नव्हतं. मला फक्त केल्यासारखं दिसतं. विसरलो असतो तर चाललं असतं गं. विसरतो माणूस. पण न केलेलं मला केलेलं आठवतं, याचं काय करू? मग गोळीचं काय, दाराचं काय? माझ्या कशावर विश्वास ठेवू मी?"

तिनं सुरी खाली ठेवली. ती ओट्याला टेकली.

"ते हो म्हणणं," तिनं विचारलं, "ते कशासाठी होतं?"

"नव्या पोरांकडून करून घ्यायचो आम्ही. ज्यांच्या हाताचा भरवसा नाही त्यांच्याकडून."

तिला आता तोंड लपवायला जागा नव्हती. तिनं गॅस बंद केला आणि सगळं सांगून टाकलं. गॅरेजवाला, किलोमीटर, बटण, आपण गाडीत एकटीनं जाऊन काय केलं ते. सांगताना रडू येत होतं, पण रडायचा हक्क आपला नाही असं वाटून तिनं ते दाबून ठेवलं. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, बाबा. चुकलं माझं."

फोरमननी आधी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"वॉशर घातला होता?"

"घातला होता."

"पहिल्याच वेळी?"

"पहिल्याच वेळी, बाबा. एक थेंब गळत नव्हता, तुम्हीच पाहिलं होतं. सगळं बरोबर होतं. चांगलं तेल आपण ओतून दिलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. मग एकदम आवाज चढला. "आणि मला बटण माहीत नाही यात वाईट वाटायचं काय? डेपोत नवी गाडी आली की आम्ही सगळेच अडाणी असायचो! कंपनीचा माणूस येऊन शिकवायचा, आम्ही शिकायचो. बटण शिकता येतं. तू मला बटणापासून वाचवायला गेलीस आणि वेड्यात काढलंस की!"

"हो," ती म्हणाली.

राग आला तसा ओसरलाही. चिरलेल्या भाजीला पाणी सुटलं. मग फोरमननी हळू आवाजात विचारलं, "आणि ते नळाचं? दुपारभर बाथरूमचा नळ वाहत होता, खालच्यांचं छत ओलं झालं. मी म्हणत होतो मी बंद केला होता. तेही असंच काही होतं का?"

उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. नळ जुना आहे, चकती झिजली असेल, आपोआप सुटला असेल. किती सोपं होतं. आणि ते किती आशेनं पाहत होते तिच्याकडे! तिला ते बघवेना, तरी तिनं नजर काढली नाही.

"नाही बाबा," ती म्हणाली. "तो तुमच्याकडूनच राहिला होता."

"नक्की?"

"नक्की. मीच येऊन बंद केला. पूर्ण उघडा होता."

त्यांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. तिला वाटलं होतं ते खचतील. पण कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे सैल झाले.

"बरं," ते म्हणाले. "मग नळ माझा."

ते स्टुलावरून उठले आणि दाराशी जाऊन वळले. "त्या माणसाला येऊ दे सोमवारी. नळाकडे बघेल तो. पण गाडीला हात लावायचा नाही म्हणावं."