खालची मूठ

लाकूड चिरायच्या धंद्यात दोन माणसं लागतात आणि त्यांचं पटावं लागतं. ओंडका उंच लाकडी घोडीवर चढवायचा, एकानं त्यावर उभं राहायचं, दुसऱ्यानं खाली, आणि मधली पुरुषभर लांबीची करवत दोघांनी आळीपाळीनं आपापल्याकडे ओढायची. वरचा रेघ सांभाळतो, खालचा भुसा खातो. दादा उंच म्हणून वर आणि चिमण्या बुटका म्हणून खाली, हे दोघांनी पोरवयातच ठरवून टाकलं होतं. चिमण्या दादाचा जिवाभावाचा दोस्त. पुढे दादाच्या धाकट्या बहिणीशी लग्न करून मेहुणाही झाला. "तुमच्या घरचा भुसा आता जन्माचा नशिबी आला," असं तो भर लग्नात म्हणाला होता.

तो चिमण्या गेला. दुपारी जेवून भिंतीला टेकला तो उठलाच नाही. घोडीवरचा ओंडका अर्धा चिरलेला राहिला, चिरेत पाचर तशीच.

त्यानंतर दादा रोज वखारीत यायचा, त्या चिरेत बोटं घालून बसायचा आणि संध्याकाळी घरी जायचा. आत करवतीच्या दातांचे ओरखडे हाताला लागत. चिमण्याचं जगात एवढंच काय ते उरलंय असं त्याला वाटे. अन्न गोड लागेना, कुणाचं बोलणं सोसवेना. आपणही त्याच भिंतीला टेकावं आणि उठू नये, असं त्याच्या मनात येई.

मग नाव बांधणारा आला. ओंडका त्याचा होता. बिचाऱ्यानं बरेच दिवस तोंडाला कुलूप घातलं होतं.

"दादा, मला कळतं रे सगळं. पण माझी नाव उघडी पडलीय. उद्या माणसं घेऊन येतो. चिरून झाला असेल तर फळ्या नेईन, नाहीतर मशीनवर टाकतो."

मशीन म्हणजे चिमण्याची चीर खाऊन स्वतःची नवी पाडणार.

"उद्या फळ्याच ने," दादा म्हणाला. कुणाच्या जिवावर म्हणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

शेवटी धाकटी बहीणच पुढे आली. लहानपणी बापाला माणूस मिळालं नाही की तीच खालची मूठ धरायची. डोक्याला फडकं बांधून ती ओंडक्याखाली उभी राहिली. दादा वर चढला.

"आठवतंय ना? नुसती ओढायची. वर येताना हात सैल. ढकलायची नाही."

"आठवतंय. त्यावरूनच तर यांना रोज शिव्या घालायचास."

खरंच होतं. चिमण्याला तेवढी एक खोड लागली होती. अलीकडे काही वर्षं, करवत वर जाताना तो खालून ढकलायचा. ढकललं की पातं वाकतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दादा वरून करवादायचा, "ढकलू नकोस रे गाढवा, जन्म गेला तरी अक्कल नाही." खालून भुसा थुंकत उत्तर यायचं, "चुकलं मालक." आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

धाकटीनं ओढली. करवत झरझर खाली गेली. दादानं वर ओढली आणि ती निम्म्यावर थांबली. उजव्या खांद्यातून कळ निघाली ती थेट मानेपर्यंत.

"दात बोथटलेत," तो म्हणाला. खाली उतरून त्यानं कानस फिरवली. पुन्हा निम्म्यावर. मग म्हणाला लाकूड सुकलंय, मग म्हणाला चीर आवळलीय. पाचर आत ठोकली. करवत निम्म्याच्या वर यायला तयार नाही.

"अंगणाला किती वेळ वाकडं म्हणशील, दादा?" धाकटी खालून म्हणाली. "काही वर्षांपूर्वी घोडीवरून पडलास तेव्हाच तुझा खांदा गेला."

"तो बरा झाला होता. त्यानंतर किती ओंडके चिरले मी..."

त्याचा हात आपसूक खांद्याकडे गेला.

"यांना माहीत होतं," धाकटी म्हणाली. "मला म्हणाले, दादाला कळलं तर तो करवत खाली ठेवील, आणि करवत ठेवली की तो जगायचा नाही. शिव्यांनी काय, अंगाला भोकं पडत नाहीत."

दादानं पायाखालच्या चिरेकडे पाहिलं. खालची ओढ चिमण्याची होती. वरचीही त्याचीच होती.

त्यानं दोन्ही हातांनी मूठ धरली.

"ढकल."

"पातं वाकेल."

"वाकू दे. ढकल."

तिनं होता नव्हता तेवढा जोर लावला. करवत वीतभर सरकली, वाकली आणि रुतून बसली. दादा ओंडक्यावर गुडघ्यांवर बसला. त्यानं कपाळ मुठीला टेकवलं.

"ढकल की रे," तो चिरेत तोंड घालून म्हणाला. "ढकल. एक शब्द बोलणार नाही."

हे आपल्याला नाही, हे धाकटीला कळलं. तोंडावरचा भुसा न पुसता ती मूठ धरून उभी राहिली.